पाच दाखवतोय

२ मार्च

ही डायरी मला बक्षीस मिळाली आहे. शाळा सुटल्यानंतरचं पहिलं बक्षीस, त्यामुळे दुकानात सगळ्यांना दाखवून झालं, घरीही दाखवून झालं. बायको म्हणाली, "डायरी कुणी बक्षीस देतं होय? ती तर नव्या वर्षाला फुकट वाटतात. आणि आता मार्च लागला." तिचं म्हणणं खरं आहे, पण बक्षीस ते बक्षीस.

त्याचं झालं असं, की फ्रिजच्या कंपनीनं गेल्या वर्षी आम्हा विक्रेत्यांकडून सूचना मागवल्या होत्या. आमच्या मजल्यावर तिचे चौदा फ्रिज मांडलेले असतात, सगळे डेमोवर. डेमो म्हणजे नुसतं सोंग. दिवा लागतो, पंखा फिरतो, दारावर आकडा झळकतो, आत गारवा मात्र शून्य. वीज वाचते, आणि गिऱ्हाईक दार उघडं टाकून तासभर बोलत बसलं तरी बिघडत नाही. पण दुकान बंद करताना मेन स्विच पाडला की डेमो उडायचा आणि सकाळी चौदाच्या चौदा पुन्हा डेमोवर घ्यावे लागायचे. वाकून वाकून कंबर जायची. मी लिहिलं, प्लग काढला तरी डेमो जाऊ नये अशी सोय करा. बस, एवढंच. पुढे मी मजल्याचा वरिष्ठ झालो, सकाळचं ते काम नव्या मुलींकडे गेलं, आणि मी सूचना विसरूनही गेलो. कंपनी कुणाचं ऐकते थोडीच.

तरी डायरी आली. पहिल्या पानावर "उत्कृष्ट सूचना" असा शिक्का, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी कंपनीचं वाक्य: तुमची काळजी, आता आमची. वीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं बोलत आलोय. आता गोदामात खोक्यांवर बसून, जेवणाच्या सुट्टीत, स्वतःची लिहीन म्हणतो.

८ मार्च

आज ताईला छोटा फ्रिज नेऊन दिला. माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि मी सात. तिनं कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करून मला वाढवलं आणि पुढे तीच लाँड्री चालवायला घेतली. चाळीस वर्षं झाली, अजून तिथेच आहे. पुढे दुकान, मागे तिची एकटीची खोली.

तिला सहा वर्षांपासून शुगर आहे आणि दोन वर्षांपासून इन्सुलिन. तिचा जुना फ्रिज मागच्या बाजूला बर्फ धरतो. गेल्या महिन्यात इन्सुलिनची दोन पेनं गोठली. डॉक्टर म्हणाले, गोठलेलं इन्सुलिन म्हणजे पाणी, फेकून द्या. तेवढ्यात आमच्याकडे कंपनीनं खास औषधांसाठीचा छोटा फ्रिज आणला. बुटांच्या दोन खोक्यांएवढा. बरोबर दोन ते आठच्या मध्ये तापमान राखतो, मोबाइलवर कळवतो, काही बिघडलं तर स्वतःच कंपनीला सांगतो. मांडलेला नग सवलतीत मिळत होता, तो मी उचलला. नेण्याआधी प्लग काढून चांगला अर्धा तास ठेवला, म्हणजे डेमो उडेल. इतकी अक्कल मला आहे.

ताईच्या खोलीत फळीवर ठेवला, लावला, आणि दारावर ५ आला. मी माझ्या मोबाइलवर अ‍ॅप घेतलं. हिरवी खूण आणि खाली अक्षरं: "सर्व काही उत्तम आहे." मी ताईला आमचं नेहमीचं सगळं भाषण ऐकवलं. ती म्हणाली, "धाकट्या, तू मला विकत नाहीयेस, देतोयस. श्वास घे."

मग तिनं आत हात घातला. तिची ती सवयच आहे. इस्त्रीच्या तळापासून चार बोटांवर तळहात धरते आणि सांगते, सुतीला झाली, रेशमाला जास्त आहे, थांब. तिच्या इस्त्रीवरच्या चकतीचे आकडे मी शाळेत असतानाच पुसून गेले होते. तिला कधी लागले नाहीत. आजही तिनं हात आत धरला, काढला, पुन्हा धरला.

"आत्ताच लावलाय," मी म्हटलं. "वेळ लागतो."

पेनं आत ठेवताना तिनं फ्रिजचं दार फडक्यानं पुसलं. मला फार बरं वाटलं. तिनं माझ्यासाठी केलं त्यातलं काहीतरी फेडलं, असं.

१५ मार्च

ताईचा दुकानात फोन. "अरे, हा थंड नाही लागत."

मी म्हटलं, "पाच दाखवतोय ना?"

"पाच तर दाखवतोय."

"मग झालं तर. पाच म्हणजे बर्फ नव्हे, ताई. औषधाला बेताचाच गारवा लागतो. नव्या मशीनचा गारवा कोरडा असतो, हाताला जाणवत नाही."

कोरडा गारवा हा शब्द कंपनीच्या प्रशिक्षणातला नाही. माझा आहे, तिथल्या तिथे सुचला. मागे उभं असलेलं गिऱ्हाईकसुद्धा मान हलवत होतं.

२७ मार्च

आज मी ताईशी जरा जास्तच बोललो. लिहून ठेवतो, म्हणजे मनातून जाईल.

कपडे इस्त्रीला द्यायला गेलो होतो. तिनं परत तेच काढलं. म्हणाली, "बाहेरच्या फळीवर हात ठेव आणि आत ठेव, फरकच नाही. उलट आत जास्त गरम. भिंतीपलीकडे माझ्या दोन इस्त्र्या चालू असतात." दुकानात तीन माणसं कपडे घ्यायला उभी होती. त्यातलं एक माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांना मी गेल्याच महिन्यात मोठा फ्रिज विकलाय. त्यांच्यासमोर मी दिलेली वस्तू खोटी ठरत होती. मी मोबाइल काढून हिरवी खूण दाखवली. ती मोबाइलकडे बघेना, माझा हात धरून आत न्यायला लागली.

मी हात सोडवला आणि म्हटलं, "ताई, शुगरवाल्यांच्या हाताची संवेदना जाते. डॉक्टरांना विचार हवं तर. त्यात चाळीस वर्षं इस्त्री. तुझ्या हाताला आता थंड-गरम कळत नाहीये, फ्रिजचा काय दोष?"

ती गठ्ठा बांधत होती, तो बांधला. गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कशाला? चार पावलं आत जाऊन हात घालायचा होता." मी म्हटलं, अ‍ॅपवर दिसत असताना हात कशाला घालायचा. यावर ती हसली नाही, भांडलीही नाही. मला ते आवडलं नाही.

६ एप्रिल

ताईची शुगर वाढली आहे. डॉक्टरांनी डोस वाढवला. काय खाता विचारलं, तर ती म्हणाली नेहमीचंच. मी सोबत होतो. मला तिची नेहमीची उत्तरं माहीत आहेत.

परत तिच्याकडे गेलो आणि फळ्या तपासल्या. तांदळाच्या डब्यामागे पत्र्याचा डबा निघाला, गोळ्या-चॉकलेटांनी भरलेला. ती म्हणाली, कपडे न्यायला पोरं येतात त्यांच्यासाठी ठेवते. मी म्हटलं, पोरांसाठी ठेवायचा तर काउंटरवर असता, तांदळामागे कशाला? ती म्हणाली, "काउंटरवर मुंग्या येतात." मी डबा उचलून आणला. साठीला टेकलेल्या बाईच्या फळ्या उचकटताना मला कसंतरी झालं, पण कुणीतरी कठोर व्हायलाच हवं.

डबा इथे गोदामात माझ्या कप्प्यात आहे. दुपारी दोन गोळ्या मीच खाल्ल्या.

१३ एप्रिल

ताईनं रेशमी कपडे घेणं बंद केलंय. पाटी लावली नाही, पण कुणी आणलं की म्हणते, दुसरीकडे द्या. तिच्या रेशमासाठी लोक लांबून येतात. मी कारण विचारलं तर म्हणाली, "हाताचा भरवसा नाही रे आता. कुणाचं जाळलं तर भरून कुठून द्यायचं?"

मला वाटतं बरंच झालं. वयही झालंय. थोडा आराम पडेल.

२० एप्रिल

कंपनीनं अ‍ॅप अद्ययावत केलं आणि ते उघडेचना. हेल्पलाइनला लावला. बावीस मिनिटं एक बाई गोड आवाजात सांगत होती की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग एक मुलगा आला.

"सर, मोबाइल बंद करून चालू केला का?"

"केला."

"सर, अ‍ॅप काढून परत टाकलं का?"

"टाकलं. मी स्वतः याच धंद्यात आहे हो."

"छान सर. आपला नग मी इथून तपासतो." टकटक आवाज. "सर, आपला फ्रिज पाच अंशांवर उत्तम चालू आहे."

मी म्हटलं, "बहीण म्हणते आत गार लागत नाही." का म्हटलं कोण जाणे. इतके दिवस कुठेतरी अडकलं असेल.

"सर, काही ग्राहकांना तसं वाटू शकतं. आकडा पाच दाखवतोय ना?"

तो मुलगा माझ्यापेक्षा चांगलं बोलत होता. गिऱ्हाईकाला खोटं न पाडता खोटं पाडायचं, हे शिकायला मला पाच वर्षं लागली होती.

पण जीव भांड्यात पडला, हेही खरं. कंपनीनं खात्री केली म्हणजे झालं.

२८ एप्रिल

कालपासून ताई दवाखान्यात आहे.

काल सकाळी ती दुकानात काउंटरमागे खाली बसली आणि उठली नाही. कपडे न्यायला आलेल्या बाईंनी आधी इस्त्री बंद केली, मग शेजाऱ्याला हाक मारली, मग मला फोन. त्या बाईंची अक्कल माझ्याजवळ असती तर ही वेळ आली नसती. शुगर पाचशेच्या वर. डॉक्टर माझ्यावरच घसरले. "इन्सुलिन वेळेवर घेत होत्या ना?" ताई डोळे मिटूनच म्हणाली, "एकही चुकवलं नाही." ते म्हणाले, "मग पेनं आणून दाखवा."

मी खोलीवर गेलो. फ्रिज फळीवर. दारावर ५. दार उघडलं, दिवा लागला, आणि मी आत हात घातला. पन्नास दिवसांत पहिल्यांदा.

उन्हात ठेवलेल्या डब्यात हात घालावा, तसं लागलं. पेनं कोमट होती. अगदी सगळी. पंखा छान फिरत होता आणि ती ऊब माझ्या बोटांवर सोडत होता. खिशातला मोबाइल वाजला म्हणून पाहिलं. "दार उघडे आहे. आपल्या औषधांची काळजी घ्या."

डॉक्टरांनी पेन हातात घेऊन ते माझ्याच तळहातावर ठेवलं. मी म्हटलं, "कंपनीनं फसवलं."

३० एप्रिल

आता शेंडी तुटो की पारंबी. हेल्पलाइनला तीन फोन, दोन मेल, ग्राहक मंचाचा अर्ज अर्धा भरलाय. वीस वर्षं यांचा माल विकला, यांच्या थापा माझ्या तोंडानं सांगितल्या. स्वतःहून कंपनीला कळवतो म्हणे. काय कळवलं? माणूस मरायला टेकला तरी हिरवी खूण. परवा त्यांचा तंत्रज्ञ येतोय.

ताई जरा सावरली आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगत होती, "माझा भाऊ त्याच धंद्यात आहे. तो सोडणार नाही त्यांना." मी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेलो. डब्याचं आठवलं. तो अजून माझ्या कप्प्यात आहे, अर्धा रिकामा.

२ मे

हे लिहायला नको वाटतंय.

तंत्रज्ञ ताईच्या खोलीवर आला. पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. मी दारातच तोफ डागली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि वाकून आकड्याकडे पाहिलं. "हे टिंब दिसतं?" पाचाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढं टिंब होतं. मी म्हटलं, दशांशचिन्ह असेल.

"त्याच्यापुढे काही नाही. मग कशाचं दशांश? डेमोवर आहे हा."

मी म्हटलं, शक्यच नाही. अर्धा तास प्लग काढून ठेवला होता, मी स्वतः.

"जुन्यांचा जायचा तसा. यांचा जात नाही. मागे सुई घालायचं भोक आहे, ती दहा सेकंद दाबून धरावी लागते. पुस्तकात आहे, एकेचाळिसाव्या पानावर." त्यानं खिशातून टाचणी काढली आणि दाबली. टिंब गेलं. पाचाचा आकडाही गेला आणि तिथे ४३ आला. आत काहीतरी घरघरलं. त्या पेटीचा हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"मग अ‍ॅप? हेल्पलाइनच्या मुलानं तपासलं होतं."

"डेमोत तो सगळ्यांना पाचच सांगतो. मालकालाही आणि कंपनीलाही. मी दोनदा लिहून कळवलं वर, की टिंब कुणाला दिसत नाही, मोठी पाटी टाका. कोण ऐकतं?" टाचणी परत खिशात ठेवत तो म्हणाला, "पूर्वीचंच बरं होतं. प्लग काढला की संपलं. पण कुणा उंटावरच्या शहाण्यानं सुचवलं म्हणे, प्लग काढला तरी डेमो राहू द्या. दुकानदारांना सकाळी वाकावं लागतं म्हणून."

त्यानं अहवालावर सही मागितली. मी दिली. त्याला चहा विचारायचंही मला सुचलं नाही. तो गेल्यावर खोलीत उभं राहून मी त्या पेटीचा आवाज ऐकत होतो. हळूहळू ४१ झाले, ३८ झाले, दोन तासांनी १२ झाले. हात घातला. गार लागत होतं. कुणालाही लागलं असतं.

या कंपनीनं आजवर एकच शब्द पाळला, आणि तो माझा होता.

३ मे

कुणालाच सांगितलं नाही. डायरीचं पहिलं पान फाडलं, चुरगाळलं, आणि परत सरळ करून ठेवलं.

५ मे

सकाळी आमच्या साहेबांनी बोलावलं. कंपनी नवा फ्रिज द्यायला तयार आहे, वर एक वर्षाची जास्त हमी. मी अर्ज मागे घ्यायचा. साहेब म्हणाले, "त्यांच्या अहवालात चूक तुझी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. सही कर आणि मोकळा हो." मी सही करणारच होतो. चूक माझी आहे हे कुणाला कळायच्या आत प्रकरण मिटत होतं. पेनाचं टोपण काढलं आणि आठवलं, मांडलेले नग तीन होते. तीनही मीच विकलेत.

मुलींना विचारलं, छोटे फ्रिज सकाळी पुन्हा डेमोवर घ्यावे लागायचे का? एक म्हणाली, "नाही सर, ते कधीच उडायचे नाहीत. फार सोयीचे होते." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत."

दुपारी टाचणी घेऊन निघालो. पहिल्या घरी फ्रिज गच्चीत पडला होता, त्यात मुलांचे रंग ठेवले होते. "गारच होत नव्हता, दुसऱ्याच दिवशी बंद केला," तिथल्या बाई म्हणाल्या. कुणी सांगितलं? "सांगायला कशाला पाहिजे? हात घातला." दुसऱ्या घरी निवृत्त मास्तर. डोळ्यांचे थेंब त्यात. दोन महिने घालतायत, दिसणं कमीच होतंय, म्हणजे वयच झालं असणार असं मला समजावत होते. मी टाचणी दाबली. टिंब गेलं. त्यांना सांगितलं, हे थेंब फेका, आजच डॉक्टरकडे जा, चूक माझी आहे. ते म्हणाले, "तुमची कशी? तुम्ही तर किती छान समजावून सांगितलं होतं."

रस्त्यानं येताना मला कुणी ओळखू नये असं वाटत होतं. साहेबांच्या कागदावर सही केली नाही. ते म्हणाले, उद्यापासून तुझं तू बघ. म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

८ मे

ताई आता आमच्याकडे आहे, आठवडाभर. आज तिला सांगितलं. बायको मुद्दाम भाजी आणायला गेली. तिला काय ते कळलेलं दिसतं, मी तर काहीच बोललो नव्हतो.

आधी कंपनीचं सांगितलं. टिंब, टाचणी, एकेचाळिसावं पान. त्यात मी बराच वेळ काढला. मग डायरीचं पहिलं पान तिच्यासमोर ठेवलं, चुरगाळलेलं, आणि सूचना कुणाची ते सांगितलं. तिनं शिक्का वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला.

"म्हणजे तो थंड होत नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"एकही दिवस?"

"एकही दिवस नाही."

मला वाटलं आता बोलेल. मी तयारच होतो, खरं तर मला ते हवंच होतं. पण तिनं उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझा हात बरा आहे."

मला रडू आलं. तिनं थोडा वेळ रडू दिलं. लहानपणीही ती मध्ये थांबवायची नाही.

"मग तसं का म्हणालास तेव्हा?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "तीन माणसांसमोर."

"पाच दाखवत होता, ताई."

"आणि मी सांगत होते, ते?"

विक्रेत्याकडे सगळ्याला उत्तर असतं, असं मीच नव्या मुलींना शिकवतो. मी म्हटलं, "तुला कळत होतं ना थंड नाहीये ते. मग जुन्या फ्रिजमध्ये पुढच्या बाजूला ठेवायची होतीस. मला न सांगता."

"हात सांगत होता. पण तू सांगितलंस ना की हात गेलाय. तू शिकलेला. माझ्याहून तुला जास्त कळतं, असं धरूनच चालले मी. त्यासाठी तर शिकवलं तुला." मग जरा थांबून, "आणि गोळ्यांचा डबा? पोरं विचारतात."

मी म्हटलं, उद्या आणतो. अर्धा मी खाल्लाय हेही सांगितलं. त्यावर मात्र ती रागावली.

१५ मे

ताई परवा तिच्या खोलीवर गेली. मास्तरांचा फोन आला होता, थेंब बदललेत, फरक पुढच्या महिन्यात कळेल. अर्ज मी पूर्ण भरून दिला. 'चूक कुणाची' या रकान्यात कंपनीच्या आधी माझं नाव घातलं. कारकून म्हणाला, तक्रारदाराला स्वतःवर तक्रार करता येत नाही. मी म्हटलं, तसंच राहू द्या. नोकरी अजून आहे, पण छोटे फ्रिज मी आता मजल्यावर डेमोवर ठेवत नाही. साहेब विजेच्या बिलावरून बोलतात. बोलोत.

आज सुट्टी होती म्हणून गोळ्यांचा डबा पुन्हा भरून ताईकडे गेलो. डबा तिनं तांदळामागे ठेवला. तेवढ्यात एक बाई रेशमी सदरा घेऊन आल्या. नेहमीच्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही घेत नाही म्हणे आता." मी मध्येच म्हटलं, "घेते. आजपासून घेते." ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि सदरा घेतला.

इस्त्री तापली. तिनं चार बोटांवर तळहात धरला. काढला. पुन्हा धरला. चाळीस वर्षं मी हे बघत आलोय. हात धरायचा, ओठ मिटायचे, आणि कपड्यावर इस्त्री. मध्ये काही नाही.

"झाली असेल का रे रेशमाला?" तिनं मला विचारलं.

मला. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं, ताई. तुझ्या हाताला विचार."

"हात म्हणतो, झाली," ती म्हणाली. तरी इस्त्री उचलेना. मग माझ्या खिशातला रुमाल काढून घेतला, फळीवर पसरला, आणि आधी त्याच्यावर इस्त्री टेकवली. असं करताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. शिकाऊ माणसं करतात तसं.

रुमाल जळला नाही. तिनं तो उलटून बघितला, दारातल्या उजेडाला धरून बघितला, आणि माझ्या हातात दिला.

"ठीक आहे ना?" ती म्हणाली. "तू एकदा बघ."